जुनी स्विफ्ट : मेस्त्री म्हणतोय मिनरल, मेहुणा म्हणतोय सिंथेटिक, काय टाकू?

गोडोलीकर

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१३ ची. वडलांनी नवी घेतलेली, ते आता चालवत नाहीत म्हणून माझ्याकडं आली. ९४ हजार झालेत. माझं रनिंग काय फार नाही, सकाळी पोरीला शाळेत सोडायचं, तिथनं पोवई नाक्याला ऑफिस, संध्याकाळी तेच उलटं, सगळं मिळून सात-आठ किलोमीटर. महिन्यातनं एकदा गावाला मेढ्याच्या पुढं आणि वर्षातनं एक-दोनदा पुणे. वर्षाला पाच हजार पण होत नाहीत.

आता सर्व्हिसिंगला आलीय. मेस्त्री नेहमीचा, वडलांपासनंचा. तो म्हणतो, "दादा गाडी जुनी झाली, आता तिला जाड तेल पायजे, २०डब्ल्यू-४० मिनरल टाकतो, सिंथेटिकला उगं पैसं घालू नका, ते पातळ असतंय, सगळीकडनं पाझरंल." आणि मेहुणा पुण्याला असतो तो फोनवर म्हणाला आजच्या जमान्यात मिनरल कोण टाकतं का, फुल सिंथेटिक टाका भावजी आणि पंधरा हजार किलोमीटर विसरून जावा. (मेहुण्याची गाडी कंपनीची आहे, सर्व्हिसिंग पण कंपनीच करते, हे आपलं जाता जाता.)

बिलात चौदाशे-पंधराशेचा फरक पडतोय. परवडत नाही अशातला भाग नाही पण घालायचे तर कशासाठी ते तरी कळूदे. आणि एकदा सिंथेटिक टाकलं की परत मिनरल टाकता येत नाही म्हणतात ते खरं का? जुन्या इंजिनात टाकलं की ऑइल सील गळायला लागतात हे पण तिघांकडनं ऐकलं, त्यातल्या दोघांकडं गाडीच नाही.

घाटातला_दुसरा_गिअर

फुल सिंथेटिक टाक भावा, विषय संपला. माझी पसरणी घाटात रोज वर-खाली असते, वाई-पाचगणी, सिंथेटिक टाकल्यापासनं इंजिनचा आवाजच बदलला, लोण्यासारखी चालते. पैशाकडं बघू नको, वर्षातनं एकदा तर टाकायचं, तेवढ्याचं आपण मिसळ खातो.

श्यानता_१००

आवाज बदलला हे नवीन तेल टाकल्यावर सगळ्यांनाच वाटतं, मिनरल टाकलं असतं तरी पहिले पाचशे किलोमीटर वाटलंच असतं. असो.

गोडोलीकर, तुमच्या प्रश्नाचा क्रम उलटा आहे. मिनरल का सिंथेटिक हे दुसरं. पहिलं म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं ते जाड पुस्तक असतं जे कुणी उघडत नाही ते उघडा आणि त्यात कुठली ग्रेड लिहिलीय ते बघा. तुमच्या इंजिनाला माझ्या आठवणीप्रमाणं ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असणार, तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शेजारी एपीआय म्हणून, म्हणजे तेलाच्या दर्जाची, दोन अक्षरं असतील, एसएल, एसएम, एसएन असं काहीतरी. पेट्रोलच्या तेलात दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नव्या पिढीचं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, आणि नवीन अक्षराचं तेल जुन्याच्या जागी चालतं. उलटं नाही.

आता ते जाड-पातळ. यात सगळा गोंधळ आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू तेल उणे ३० अंशाला इतपत पातळ राहतं की स्टार्टरला इंजिन फिरवता यावं, १५डब्ल्यू उणे २० पर्यंत आणि २०डब्ल्यू उणे १५ पर्यंत. तुम्ही म्हणाल साताऱ्यात उणे कुठलं, वेण्णा तलावाच्या कडेला दव गोठलं तर पेपरात फोटो येतो. बरोबर आहे. पण तेलाचं कामाचं तापमान ९०-१०० अंश, त्याच्या हिशोबानं डिसेंबरातली साताऱ्याची सकाळ म्हणजे कडाक्याची थंडीच. गुऱ्हाळावर गरम काकवी बघितलीय ना, पाण्यासारखी धार लागते, आणि तीच काकवी दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत चमच्याला सोडत नाही. इंजिन बंद असताना तेल सगळं खाली चेंबरमध्ये येऊन बसलेलं असतं, चावी फिरवली की पंपानं ते वर कॅमशाफ्टपर्यंत, टायमिंग चेनपर्यंत न्यायचं. तेवढा वेळ वरचे भाग जुन्या तेलाच्या पातळ थरावर चालतात. झीज जी होते त्यातली बरीच या थंड इंजिनातच होते, आणि तुम्ही दिवसातनं चार वेळा तेच करताय.

दुसरा आकडा १०० अंशाचा. ३० म्हणजे तिथं ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (श्यानता, म्हणजे तेलाचा जाडपणा मोजायचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. आता बघा, सिंथेटिक ५डब्ल्यू-४० आणि मिनरल १५डब्ल्यू-४० ही दोन्ही गरम इंजिनात एकाच पट्ट्यात येतात. म्हणजे "सिंथेटिक पातळ असतं" याला काही अर्थच नाही, जाडी आकड्यात असते, सिंथेटिक या शब्दात नाही. तुमचा मेस्त्री खरं तर मिनरल टाकतो असं म्हणत नाहीये, ग्रेड बदलतो म्हणतोय, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

घाटातला_दुसरा_गिअर

श्यानता नाही रे, शहाणता म्हण त्याला 😀 सकाळी सकाळी सेंटिस्टोक.

श्यानता_१००

नाव माझं, पण विनोद तिसऱ्यांदा झाला.

आता सिंथेटिक म्हणजे काय तेवढं सांगून गप्प बसतो. तेलाचा मूळ पाया म्हणजे बेस ऑइल, त्याचे पाच गट आहेत. पहिले तीन जमिनीतल्या क्रूडपासनंच निघतात, मिनरल म्हणजे त्यातले पहिले दोन, फक्त तिसऱ्यावर हायड्रोजननं इतकी प्रक्रिया केलेली असते की त्यातली गंधक वगैरे घाण जवळपास जाते आणि रेणू सारख्या बांध्याचे होतात. चौथा गट म्हणजे पीएओ, तो खरोखर कारखान्यात रेणू जोडून केलेला. पाचव्यात एस्टर आणि उरलेलं सगळं. पूर्वी सिंथेटिक म्हटलं की चौथा नाहीतर पाचवाच, पण १९९९ मध्ये अमेरिकेत दोन तेल कंपन्यांचं जाहिरातीवरनं भांडण झालं, कॅस्ट्रॉल आणि मोबिल, आणि तिथल्या जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या मंडळानं तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असं म्हटलं. तेव्हापासनं दुकानातले बरेचसे "फुल सिंथेटिक" डबे तिसऱ्या गटाचे असतात. वाईट नाहीत, उलट चांगलेच आहेत, फक्त जादू नाही. आणि सेमी सिंथेटिकमध्ये सिंथेटिक किती पाहिजे याला काही ठरलेलं माप नाही, वीस टक्के पण असेल.

फायदा कुठं? उष्णतेनं लवकर खराब होत नाही, उडून कमी जातं, गाळ कमी धरतं, थंडीत लवकर धावतं. टर्बो इंजिन असेल तर मी वादच घालणार नाही, सिंथेटिकच, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याचं बेअरिंग याच तेलावर जगतं, तिथं तेल जळून कोळसा झालं की संपलं. तुमची साधी पेट्रोल, टर्बो नाही. तुम्हाला पंधरा हजार किलोमीटरचा फायदा मिळणारच नाही कारण तेवढं व्हायला तीन वर्षं लागतील, आणि पुस्तकात किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते असं लिहिलेलं असतं. तुम्हाला ते महिनेच आधी लागणार.

मिसळलं तर काही होत नाही. सिंथेटिकवर मिनरल, मिनरलवर सिंथेटिक, दोन्ही चालतं, सेमी सिंथेटिक म्हणजे दुसरं काय असतं?

काउंटरवरचा_माणूस

सांगलीहून लिहितोय. स्पेअर पार्टच्या काउंटरला उभा राहून २६ वर्षं झाली, त्यामुळं सेंटिस्टोक माहीत नाही पण डबे माहीत आहेत.

मेस्त्र्याला एकदम शिव्या घालू नका. त्याचं शिक्षण ८०० वर, जिपांवर, अ‍ॅम्बॅसॅडरवर झालेलं असतं, त्या इंजिनांना फटीच मोठ्या असायच्या आणि २०डब्ल्यू-४० वर ती लाख-दीड लाख चाललेली त्यानं हातानं बघितलीयत. आताच्या इंजिनात तेलाच्या वाटा बारीक, फटी बारीक, व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा तेलाच्या दाबावर पुढं-मागं होतं. तिथं जाड तेल घातलं म्हणून गाडी बंद पडत नाही हो, चालते, म्हणून तर त्याला पटत नाही. फक्त सकाळी जरा खडखड जास्त करते, पेट्रोल थोडं जास्त पिते, आणि हे हळूहळू असल्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही ५डब्ल्यू-३० मागितलं की काउंटरवर प्रश्न आपोआप सुटतो. मिनरल म्हणून जे डबे आमच्या फळीवर असतात ते बहुतेक १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. ५डब्ल्यू-३० मागाल तर हातात सेमी नाहीतर फुल सिंथेटिकच येणार. मग त्यातलं कुठलं घ्यायचं एवढंच राहतं.

पण माझा खरा मुद्दा हा नाही. माझा मुद्दा आहे रिकाम्या डब्याचा. भंगारवाला येतो ना, तो फुटका डबा किलोवर घेतो आणि न फुटलेला, झाकणासकट, लेबल चांगलं असलेला डबा नगावर घेतो. का घेत असेल? विचार करा. त्यात परत काय भरून कुठं जातं ते मी बघायला गेलो नाही, पण माझ्या काउंटरला माणूस डबा घेऊन आलाय की "साहेब हे तुमच्याकडचंच का", आणि झाकणाची रिंग बघितल्यावर मला घाम फुटला. माझ्याकडचं नव्हतं. तेव्हापासनं मी गिऱ्हाइकाला सांगतो, तेल तुमच्यासमोर ओतून घ्या, सील तुम्ही स्वतः तोडा, आणि रिकामा डबा तिथंच स्क्रू ड्रायव्हरनं भोसकून टाका. मेस्त्री ओळखीचा असला तरी. त्याला वाईट वाटलं तर म्हणायचं सांगलीच्या म्हाताऱ्यानं सांगितलंय.

आणि काही डब्यांत मेस्त्र्यासाठी कूपन असतं, त्यामुळं अमुकच ब्रँड घ्या असा आग्रह झाला तर तो इंजिनच्या प्रेमातनंच असेल असं नाही. सुटं तेल, ड्रममधलं, फुकट दिलं तरी नको.

हळद_आणि_डिझेल

मी पण सांगलीची. काकांशी सहमत, डबा फोडाच.

माझ्याकडनं दोन गोष्टी. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी आलं तेव्हा पप्पांची जुनी गाडी दारातच राहिली, काढायला वेळच मिळाला नाही. पाणी उतरल्यावर पप्पा चावी घेऊन निघालेले, शेजारच्या काकांनी अक्षरशः हात धरला म्हणून वाचलो. स्टार्टर न मारता टो करून नेली. चेंबरचा नट काढल्यावर आधी पाणी आलं आणि मग जे आलं ते तेल नव्हतं, टपरीवरचा चहा होता, दूध जास्त घातलेला, रंग तसाच आणि वर फेस. त्या वेळी मेस्त्र्यानं स्वस्तातलं २०डब्ल्यू-४० मिनरल भरलं, थोडा वेळ नुसतं स्लोवर चालवून काढलं, परत भरलं, परत काढलं, दोन्ही वेळा फिल्टर नवा, आणि तिसऱ्यांदा बरोबर ग्रेडचं. दुसऱ्यांदा काढलं तेव्हा रंग तेलासारखा दिसला. गाडी अजून आहे, मावसभाऊ चालवतो. तर मिनरल वाईट असं काही नाही, आम्हाला त्या वेळी तेच कामाला आलं, हजार रुपये लिटरचं घालून धुवायला कुणाच्या जिवावर आलं असतं.

दुसरी, आता माझ्याकडं बीएस ६ डिझेल आहे आणि डिझेलवाल्यांनी हा धागा वाचून भलतं काही घालू नये म्हणून लिहिते. २०२० च्या एप्रिलपासनं बीएस ६, म्हणजे धुराचे नवे नियम, आले, तेव्हापासनं बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ फिल्टर असतो. तो काजळी पकडतो आणि मधनंमधनं जाळून टाकतो. पण तेलातल्या अ‍ॅडिटिव्हची जी राख होते ती जळत नाही, ती तिथंच साठत जाते. म्हणून त्या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं, डब्यावर सी२ नाहीतर सी३ असं लिहिलेलं असतं, पुस्तकात कुठलं ते दिलेलं असतं. आमच्याकडं ट्रॅक्टरसाठी २० लिटरची बकेट येते आणि भावानं मागच्या दिवाळीत त्यातलंच लिटरभर माझ्या गाडीत ओतायला झाकण उघडलेलं, "डिझेलच आहे की, १५डब्ल्यू-४० एक नंबर तेल असतंय" म्हणून. तेल खरंच एक नंबर असेल, ट्रॅक्टरला.

आणि किलोमीटरवर पण जाऊ नका. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरात अर्धा-अर्धा तास काढावा लागतो, उसाची कांडी बॉनेटवर पडत असतात. काटा पुढं सरकत नाही पण इंजिन चालूच असतं ना. मी म्हणून दहा हजाराची वाट न बघता आठला बदलते.

गोडोलीकर

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

पुस्तक सापडलं, ५डब्ल्यू-३० च लिहिलंय. पण दुसरंच काहीतरी निघालं. मागचं बिल शोधलं तर त्यावर नुसतं "इंजिन ऑइल" आणि रक्कम, ग्रेड नाही काही नाही. आणि तारीख बघितली तर चौदा महिने झालेत. मग म्हटलं तेल मोजायची काटी तरी बघू. आमच्याकडं सपाट जागा शोधण्यातच दहा मिनिटं गेली, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला सगळा उतारच, शेवटी शाळेच्या ग्राउंडवर नेली. बंद करून पाच मिनिटं थांबलो, काटी काढली, वडलांच्या जुन्या बनियननं पुसली, परत घातली, परत काढली. खालच्या खुणेच्या पण खाली, नुसतं टोकाला थेंबभर. मला वाटलं चुकलं, तीनदा बघितलं.

तेल काळं कुळकुळीत आहे. आणि वर जिथनं तेल ओततात ते झाकण उघडलं तर आतनं पांढरट साय बसलीय, दुधावर येते तशी. ताईंचं चहाचं वाचून पोटात गोळाच आला. हेड गॅस्केट गेलं का माझं, कूलंटचं पाणी तेलात येतंय का?? कूलंट बघितलं, ते बरोबर आहे.

श्यानता_१००

घाबरू नका. कूलंट कमी होत नाही, काटीवर चहा नाही, फक्त झाकणाला साय, म्हणजे बहुतेक तुमच्या सात-आठ किलोमीटरची ती साय आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, त्यातली थोडी पिस्टनच्या कडेनं खाली तेलात उतरते, थोडं न जळलेलं पेट्रोलही उतरतं. इंजिन तासभर चांगलं तापलं की ते सगळं उडून जातं. तुमचं तापायच्या आतच शाळा येते, मग ऑफिस येतं. महिन्याच्या त्या मेढ्याच्या फेरीला थोडंफार जात असेल, बाकी दिवस साठत राहतं. म्हणूनच कमी चालणाऱ्या गाडीला वर्षाला तेल बदलणं जास्त गरजेचं, लोक उलटं समजतात की चाललीच नाही तर बदलायचं कशाला. पुढच्या रविवारी हायवेनं कराडपर्यंत जाऊन या, आल्यावर झाकण बघा.

काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही, तेलातलं डिटर्जंट घाण धरून ठेवतं म्हणून काळं होतं, ते त्याचं कामच आहे. डिझेलमध्ये तर दोन-चार दिवसांतच काळं होतं.

कमी झालेलं मात्र बघायला लागेल. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभर फरक असतो, तुमच्यात तीन लिटर आणि थोडं वर मावतं, म्हणजे एक तृतीयांश तेल गेलंय आणि आपण इथं उरलेलं कुठल्या गटाचं असावं यावर भांडतोय! गॅरेजला जायच्या आधी पाव-अर्धा लिटर ५डब्ल्यू-३० आणून घाला, थोडं थोडं, मधे काटी बघत. वरच्या खुणेच्या वर घालू नका, क्रँक तेल घुसळतो आणि फेस होतो.

काउंटरवरचा_माणूस

तेल जातं दोनच वाटांनी, बाहेर नाहीतर जळून. आधी बाहेरचं बघा, स्वस्त आहे. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) कडा, चेंबरच्या नटाचं वायसर, फिल्टरची बैठक, आणि गिअरबॉक्सच्या बाजूला खाली ओलं आहे का. दहा-बारा वर्षांत रबर कडक होतंच, त्याला सिंथेटिकनं गळवलं म्हणायला नको. फार पूर्वीच्या सिंथेटिक तेलानं सीलं आक्रसायची, ती बोलवा अजून चाललीय, आताच्या तेलात त्याचं औषध घातलेलं असतं. हां, वर्षानुवर्षं साठलेल्या गाळानंच भेग बुजली असेल तर चांगलं तेल ती धुऊन काढतं आणि मग गळती दिसते, एवढं खरं.

बाहेर कोरडं असेल तर मग धूर. यवतेश्वरच्या घाटातनं खाली येताना ॲक्सिलेटर सोडून या आणि खाली आल्यावर दाबा, कुणालातरी मागं बघायला ठेवा. तेव्हाच निळा भपका आला तर व्हॉल्व्हची सीलं, आणि चढावर दाबलं की सतत निळा येतोय तर पिस्टनच्या रिंगा. तेव्हा मात्र मेस्त्र्याच्या जाड तेलाला मी नाही म्हणणार नाही, इंजिन उतरवेपर्यंत तेवढंच कमी जळेल.

नुसता_वाचक

मधेच एक विचारतो. डबा साडेतीन लिटरचा येतो, स्विफ्टला तीनच्या वर थोडं लागतं, ते उरलेलं स्प्लेंडरमध्ये टाकलं तर चालेल का? वाया कशाला घालवायचं.

घाटातला_दुसरा_गिअर

नको नको, मी केलेलं ते. क्लच सरकायला लागला, गाडी नुसती बोंबलायची आणि पुढं जायची नाही.

श्यानता_१००

बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, गिअरही त्याच तेलावर. कारच्या तेलात घर्षण कमी करायची औषधं असतात, ती क्लचला नको. बाइकच्या डब्यावर जासो (जपानी दर्जा) एमए नाहीतर एमए२ लिहिलेलं बघून घ्या. उरलेलं कारच्याच टॉपअपला ठेवा, झाकण घट्ट लावून.

गोडोलीकर

पंधरा दिवसांनी लिहितोय, सॉरी, मधे पोरीची परीक्षा होती.

बाहेरनंच जात होतं. मेस्त्र्यानं बॅटरी मारून दाखवलं, टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेनं खाली ओघळ, आणि तो सायलेन्सरच्या पाइपावर पडून जळत होता. सिग्नलला थांबलो की मला कधीकधी करपल्याचा वास यायचा तो हा, मी म्हणायचो पुढच्या ट्रकचा असेल. गॅस्केट काढलं तर हातात तुकडे झाले, बांगडी फुटावी तसे. नवं बसवलं, चेंबरचं वायसर नवं, फिल्टर नवा.

तेल सेमी सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी. फुल घेणार होतो पण मग म्हटलं मी काय पंधरा हजार चालवणार नाही, वर्षाला बदलणारच आहे, त्यापेक्षा वाचलेल्या पैशात गॅस्केट झालं. मेस्त्री जरा फुगला होता, "इंटरनेटवर विचारून आला व्हय" म्हणाला, पण पुस्तकातलं पान दाखवल्यावर त्यानंच चष्मा लावून वाचलं आणि "आता हे नवीनच काढत्यात" म्हणाला. २०१३ चं पुस्तक. डबा माझ्यासमोर फोडला, सांगलीच्या काकांचं नाव सांगून भोसकला पण, तो हसायला लागला. बिलावर ग्रेड लिहून घेतली.

काल काटी बघितली, वरच्या खुणेपासनं हललेली नाही. कराडला जाऊन आलो, झाकणाची साय पण गेली. इंजिन लोण्यासारखं वगैरे काय वाटत नाही, आधीसारखंच वाटतंय.

आता एकच राहिलं. जळकं ऑइल वडलांनी मागून घेतलं, तीन लिटरचा कॅन घरी आणलाय, गावाकडं गोठ्याच्या वाशांना लावायचं म्हणतायत, वाळवी लागत नाही म्हणून. चालतं का?

हळद_आणि_डिझेल

आमच्याकडं पण लावायचे आजोबा. पण हाताला लावून घेऊ देऊ नका, वापरलेल्या तेलात जळकी घाण असते, कातडीला वाईट, आणि गोठा म्हटल्यावर जनावर चाटणार. ओढ्यात ओतू नका एवढं तरी बघा, ते घातक कचऱ्याच्या नियमात येतं. गॅरेजवाल्याकडंच परत द्या, त्याच्याकडचं ड्रममधलं घेऊन जायला लोक येतात.

गोडोलीकर

सांगितलं. ऐकतात कुठं. "मी चाळीस वर्षं लावतोय, मला काय झालं का" म्हणाले. सध्या कॅन जिन्याखाली आहे, आईनं त्यावर खडूनं लिहून ठेवलंय, "हे तेल खायचं नाही".